हातभर पट्टा

आप्पांनी मारलेलं मला आवाजासकट आठवतं. हाताने मारलं की फाडकन आवाज यायचा, चपलेने मारलं की बद्द, आणि दारामागच्या पट्ट्याने मारलं की आधी हवेत सूं व्हायचं आणि मग क्षणभर काहीच व्हायचं नाही. आग मागून यायची. तो पट्टा हातभर लांब, तीन बोटं रुंद, मळकट हिरव्या नायलॉनचा. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असायचा. त्याच खिळ्याला पिठाची चाळणीही असायची. आई चाळणी काढताना पट्टा बोटाने बाजूला सरकवायची आणि पोळ्यांना लागायची.

तो पट्टा म्हणजे उरलेला तुकडा. बाकीचा आमच्या गाडीत होता, माणसांचा जीव वाचवायला. हे मी चेष्टेने लिहीत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, विमानं जोडायच्या कारखान्यात फिटर होते. मूळ सायखेड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरीसाठी नाशकात आले आणि सातपूरला दोन खोल्यांत राहिले. आई, आप्पा, ताई आणि मी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली, एका डॉक्टरांनी वापरून वापरून टाकलेली. आमच्या गल्लीत तेव्हा स्कूटरसुद्धा दोनच होत्या. लोक गाडी बघायला आले, आप्पांनी त्यांना पेढे दिले, आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन गाडीच्या तळाला भोकं पाडायला बसले. आईला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

भद्रकालीच्या भंगारात त्यांना कुठल्याशा लष्करी सामानातला जाड नायलॉनचा पट्टा मिळाला होता. तो त्यांनी चांभाराकडून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घेतला, बक्कल बसवलं, खाली लोखंडी पत्रे लावून बोल्ट आवळले. एक पट्टा ड्रायव्हरला, एक शेजारच्याला. खांद्यावरून आडवा आणि मांड्यांच्या वरून सरळ, असा. मागच्या सीटला पुरला नाही. उरला तो हातभर, आणि तो कुठे गेला ते सांगितलंच.

त्या वेळी नाशकात गाडीत कुणी पट्टा लावत नव्हतं. गल्लीतले लोक विचारायचे, "काय आप्पा, विमान कधी उडणार?" आप्पा हसायचे नाहीत. त्याचं कारण आईने आम्हाला चोरून सांगितलं होतं. पेठच्या घाटात एकदा आप्पा जीप चालवत होते आणि शेजारी त्यांचे थोरले भाऊ होते. जीप कडेच्या दगडावर आदळली आणि काका बाहेर फेकले गेले ते जागीच संपले. जीपची नुसती काच तडकली. त्याच जीपमध्ये मागे काकांना घालून आप्पा ती चालवत घरी आले होते. यावर ते कधी एक अवाक्षर बोलले नाहीत. बोलून सांगणं त्यांना येतच नव्हतं. सांगायचं ते हाताने.

म्हणून पट्टा लावायचा आम्ही शिकलो तो मार खात. दर रविवारी आप्पा आम्हा दोघींना आळीपाळीने पुढच्या सीटवर बसवायचे. "पोटावर नको, हाडावर घे. हाडावर!" कमरेचं हाड कुठलं हे मला टपलीसकट पाठ झालं. "पीळ कशाला पडला? दोरी हाय का ती?" पुन्हा टपली. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये आपला तळहात सपाट जाईल एवढंच सैल ठेवायचं. त्यापेक्षा सैल दिसला की कानाखाली. पट्टा लावायला विसरलं तर गाडी हलायची नाही, आणि घरी गेल्यावर दारामागचा तुकडा हलायचा. आज कुठल्याही गाडीत बसले की माझा हात आपोआप कमरेच्या हाडाकडे जातो आणि आपोआप मान आखडते.

फक्त पट्ट्यापायी मारायचे असंही नाही. डाळ पातळ झाली म्हणून आईला मारायचे. मार्क कमी पडले म्हणून मला. मी त्यांचा मनापासून द्वेष करायचे, आणि तो लपवायचा कसा हेही लवकर शिकले.

ताई सोळा वर्षांची असताना एकदा आम्ही सायखेड्याला निघालो होतो. चांदोरीजवळ सायकलवरच्या पोरांनी गाडीत डोकावून ताईला पट्ट्यात बांधलेलं बघितलं आणि दात काढले. ताईने हळूच बक्कल सोडलं. आप्पांनी ते ऐकलं. गाडी कडेला घेतली, खाली उतरून तिच्या बाजूला गेले आणि वेणीला धरून तिला बाहेर ओढली. उसाच्या कडेला, भर रस्त्यात, त्या पोरांच्या देखत तिच्या तोंडात दोन दिल्या. मग पुन्हा बसवून स्वतः बक्कल लावलं. घरी आल्यावर पट्टा. तिच्या पाठीवर तीन बोटं रुंदीचे वळ उठले, एकावर एक. मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होते. रात्री मी खोबरेल लावत असताना ती म्हणाली, "मी जाईन त्या घरी गाडी नसली तरी चालेल. दारामागे खिळा नको."

तसं घर तिला मिळालं. नामपूरला. दाजी तिथल्या हायस्कूलात मास्तर होते. बुटके, सावळे, हसले की डोळे मिटणारे. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलणारा पुरुष मी पहिल्यांदा बघितला तो हा. लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मोठ्याने हसत होती आणि आप्पा घरात आले तरी हसतच राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. ताई सुटली होती. आमच्या घरातलं एक माणूस सुटलं होतं, आणि मला जगात दुसरं काही नको होतं, एवढं टिकलं तरी पुरे होतं.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ताई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. नामपूरकडे, बागलाणात, आखाजीला लेकी माहेरी जातात. चार दिवसांनी दाजी तिला न्यायला आले. आप्पा म्हणाले, "जावईबापूंना एसटीनं कशापायी धाडायचं? मी सोडतो." मलाही कॉलेजची सुट्टी होती, म्हणून मीही निघाले. सकाळची वेळ. आई आत ताईची ओटी भरत होती. आप्पा गाडीत बसून पट्टा लावून तयार होते. दाजी त्यांच्या शेजारी बसले, जावयाचा मान पुढचा. मी मागे.

आता आप्पांची काय पंचाईत झाली ते सांगते. जावयाला हुकूम करायचा नसतो. 'हे करा' असं म्हणायचं नसतं, आग्रह फक्त जेवणाचा करायचा. आणि विनंती कशी करतात हे आप्पांना ठाऊक नव्हतं. आम्हाला वेणीला धरणारा माणूस जावयापुढे नुसता खाकरत होता. दोनदा खाकरले. मग त्यांनी शेजारचा पट्टा उचलला आणि बक्कल दाजींच्या मांडीवर अलगद ठेवलं, पानाचा विडा ठेवावा तसं.

"हे काय, मामा?" दाजींनी पट्टा उचलून बघितला. चांगल्या मनाचा माणूस. सासऱ्याची हौस आहे, लावू की, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तो खांद्यावरून अर्धा ओढलासुद्धा.

आणि मी मागून म्हणाले, "दाजी, बांधून घेताय का? याच पट्ट्यानं आप्पा आम्हाला बडवतात. आता तुमचा नंबर वाटतं!"

मेहुणीने जावयाची चेष्टा करायची असते. त्या मुभेचा आडोसा घेऊन मी अठरा वर्षांचं विष बाहेर टाकलं. परक्या माणसासमोर आप्पांना पहिल्यांदा उघडं पाडलं, आणि जावई शेजारी आहे म्हणून ते मला हातही लावू शकत नव्हते. मला आरशात त्यांचे डोळे दिसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दाजी खळखळून हसले. "आमनाकडे बैल बांधतस, माणसं नही," ते आपल्या अहिराणीत म्हणाले आणि पट्टा सोडून दिला. तो सळसळत दाराजवळ जाऊन पडला. तेवढ्यात ताई ओटी सांभाळत बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. "कशाला हसताय?" तिने विचारलं. "मेहुणीबाईंना विचार," दाजी म्हणाले. मी सांगितलं नाही. आप्पांनी गाडी सुरू केली.

पिंपळगावपर्यंत मी खुशीत होते. हेही लिहायलाच हवं.

चांदवड मागे टाकून आम्ही देवळ्याकडे वळलो. उन्हाळी कांदा निघाला होता, रस्त्यावर जिकडेतिकडे ट्रॉल्या. आप्पा सावकाश चालवत होते. देवळ्याच्या अलीकडे डावीकडच्या शेतातून एक ट्रॅक्टर उसळी मारून वर रस्त्यावर चढला. ट्रॅक्टर पलीकडे गेला आणि कांद्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली आमच्यासमोर आडवी राहिली. आप्पांनी ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. टायर किंचाळले. ताईने माझा दंड धरला.

मग ठोकर. लोखंड फाटल्याचा आवाज, काच फुटल्याचा आवाज, आणि मला दाजींची पाठ दिसली, सीटच्या वर, जिथे पाठ असायला नको होती तिथे. मग ती दिसली नाही. माझं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, तोंडात दोन दात आणि रक्त एकदमच आलं. वरून कांदे पडत होते, टपावर, बॉनेटवर, कितीतरी वेळ, धाड धाड धाड.

आवाज थांबला तेव्हा आप्पा पट्ट्यात अडकलेले होते. जिवंत. त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटसमोर आडवा पसरलेला होता, दाजींची छाती जिथे असायला हवी होती तिथे, आणि कोपराच्या पुढे तो भलत्याच दिशेला वळला होता. पट्टा न लावलेल्या माणसाला त्यांनी हाताने धरायला बघितलं होतं. "जावईबापू! ओ जावईबापू!" ते ओरडत होते आणि उजव्या हाताने बक्कल सोडवायला बघत होते. स्वतः बसवलेलं बक्कल त्यांना सुटत नव्हतं.

दाजी काचेतून बाहेर जाऊन ट्रॉलीच्या बाजूच्या लोखंडी फाळक्यावर आदळले होते आणि आता बॉनेटवर कांद्यांत पडले होते. ताई दार ढकलून उतरली. तिचं डावं मनगट लोंबत होतं, ते तिला कळलंच नव्हतं. ओटीतला नारळ आणि तांदूळ रस्त्यावर सांडले. ती पदराने दाजींच्या चेहऱ्यातली काच पुसत होती आणि पुसेल तितकं रक्त जास्त येत होतं. "अहो," ती म्हणत होती, "अहो. अहो, बघा ना."

शेतातले लोक धावत आले. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला खाली खेचला आणि तुडवायला सुरुवात केली. मी त्यांच्यात घुसले. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे मारत सुटले. माझ्या तोंडातलं रक्त त्याच्या सदऱ्यावर उडत होतं. तो डोक्यावर हात धरून सारखा म्हणत होता, "बाई, मना काय गुन्हा शे? मना काय गुन्हा शे?" त्याचा गुन्हा होता. पण मी त्याला त्यासाठी मारत नव्हते, हे मला मारतानाच कळत होतं. आप्पांचा हात माझ्या खांद्यातून येत होता. मला तो ओळखू आला.

दाजी देवळ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

तिथल्या डॉक्टरांनी आप्पांचा सदरा कापून काढला. डाव्या... नाही, ड्रायव्हरची सीट उजवीकडे, उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत काळानिळा पट्टा उमटला होता. तीन बोटं रुंद. ताईच्या पाठीवरचे वळ होते तेवढाच. "या पट्ट्यामुळे वाचलात," डॉक्टर म्हणाले. "शेजारी पट्टा नव्हता का?"

"व्हता," आप्पा म्हणाले.

"मग?"

मी बाकावर बसले होते, ओठाला टाके घालून. ताई माझ्याशेजारी होती, हात गळ्यातल्या झोळीत. आप्पांनी आमच्याकडे बघितलं नाही.

"मी सांगितलं नाय त्यांना," आप्पा म्हणाले. "माझी चूक हाय."

ताई सव्वा महिना नामपूरला एका खोलीत बसून होती. मग आई जाऊन तिला घेऊन आली. ताई दारातून आली ती बसली नाही, पाणी घेतलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, चाळणी बाजूला सरकवली आणि खिळ्यावरचा पट्टा काढून बाहेर आली. आप्पा भिंतीला टेकून उभे होते, डावा हात अजून प्लॅस्टरमध्ये. तिचंही मनगट प्लॅस्टरमध्ये. तिने उजव्या हाताने पट्टा उगारला आणि आप्पांच्या तोंडावर मारला.

आई किंचाळली. आप्पा हलले नाहीत.

"मी बक्कल सोडलं तर भर रस्त्यात मारलंत मला!" ताई ओरडली. सूं, आणि पट्टा. "वेणीला धरून! आणि त्यांना एक शब्द बोलता आला नाही? एक शब्द?" सूं. खांद्यावर, मानेवर, कानावर. "जावई म्हणून? मान म्हणून? घाला आता मान चुलीत!" आप्पांच्या भुवईवरून रक्त ओघळायला लागलं. आई मध्ये पडायला गेली तर त्यांनी तिला चांगल्या हाताने मागे सारलं. "मारू दे तिला," ते म्हणाले.

आणि मग ताईच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गाडीत त्या वेळी तिघंच होतो. एक गेला. उरलो आप्पा आणि मी. एका वाक्यात ते स्वतःला सोडवू शकत होते. 'तुझ्या बहिणीला विचार,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि खोटंही ठरलं नसतं. मी तोंड उघडलं. टाक्यांची जागा ताणली गेली. मी बोलणार होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

"तू आत जा," आप्पा म्हणाले. "चहा टाक."

मी आत गेले. सगळं आयुष्य त्यांचा शब्द मोडायचा म्हणून दात आवळून काढलं होतं, आणि तो एक शब्द मी निमूट पाळला. स्टोव्हला पंप मारला. बाहेरून सूं आवाज येत होता, मग थांबत होता, मग पुन्हा. पाणी उकळून आटायला लागलं तरी मी साखर घातली नाही. शेवटी पट्टा जमिनीवर टाकल्याचा आवाज आला आणि ताईचं रडणं. तो तुकडा मी त्या संध्याकाळी उचलला आणि माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेत टाकला. खिळ्यावर पुन्हा कधी काही दिसलं नाही. चाळणीसुद्धा आईने दुसरीकडे ठेवली.

आप्पांनी त्यानंतर आम्हा कुणावर हात उचलला नाही. म्हणून मी त्यांना माफ केलं असं नाही. आईची मार खाल्लेली पाठ मी बघितली आहे. पण त्यांचा द्वेष करायचं सोपं काम माझ्याकडून कायमचं गेलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या नवऱ्याने नवी छोटी गाडी घेतली. कंपनीनेच बसवलेले पट्टे होते तिला. ताई तोवर नामपूरलाच शाळेत शिकवायला लागली होती. तिला सोडायला आम्ही निघालो. ती पुढे बसली, मी मागे. आप्पा म्हातारे झाले होते, काठी टेकत गाडीपाशी आले. ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. तिने पट्टा ओढला आणि खिडकीकडे न बघता म्हणाली, "आप्पांनी तेव्हा एक शब्द टाकला असता, तर आज हे बरोबर असते."

आप्पांनी ऐकलं. ते खिडकीतून आत वाकले, तिच्या पट्ट्याचा पीळ काढला. "हाडावर घे, बाळा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी हळू आवाजात पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला राहवलं नाही. "ताई," मी मागून म्हणाले, "त्या दिवशी ना..."

आप्पांनी टपावर जोरात थाप मारली. "निघा आता. उशीर व्हतोय."

गाडी निघाली. पुढच्या थंडीत आप्पा गेले.

आता गाड्यांमध्ये हवेच्या पिशव्या असतात, ठोकर बसली की फुगणाऱ्या. पट्टा न लावता बसलं तर गाडी स्वतःच टुं टुं करत राहते, जावई आहे का मुलगी आहे ते बघत नाही. ताई सत्तरीकडे झुकली आहे. अजून गाडीत बसली की ती एकदा तरी तेच वाक्य म्हणते, आणि मी खिडकीबाहेर बघते.

हे मी लिहून काढलं ते तिच्यासाठी. छापून आलं की पहिली प्रत घेऊन नामपूरला जाणार आहे. तिच्यासमोर बसून तिला वाचायला लावणार आहे. ट्रंकेतला तो तुकडा काल बाहेर काढला, अजून तसाच मजबूत आहे. तोही बरोबर नेणार आहे, आणि तिचं वाचून झालं की तिच्या हातात देणार आहे.